निकालागणिक बदललेला दावा

जानेवारी 2005 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, डोव्हर येथील सरकारी शाळेत, नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गापुढे चार परिच्छेदांचे एक निवेदन वाचून दाखवण्यात आले. डार्विनचा सिद्धांत म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. त्यात अशा रिकाम्या जागा आहेत ज्यांच्यासाठी पुरावा नाही. जीवसृष्टीच्या मुळाशी एखादा बुद्धिमान रचनाकार आहे असे मानणारे ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे निराळे स्पष्टीकरणही आहे. ज्यांना ते समजून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक शाळेत ठेवले आहे. विद्यार्थ्यांनी मन मोकळे ठेवावे. एवढाच त्याचा आशय होता. शाळेतल्या विज्ञानशिक्षकांनी हे निवेदन वाचायला लेखी नकार दिला होता. म्हणून प्रशासनातले अधिकारी वर्गात आले, त्यांनी ते वाचले आणि ते निघून गेले. हे निवेदन वाचून दाखवण्याच्या शाळा मंडळाच्या निर्णयाविरुद्ध अकरा पालक न्यायालयात गेले होते. सहा आठवडे साक्षीपुरावे झाले आणि 20 डिसेंबर 2005 रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी 139 पानांचे निकालपत्र देऊन शाळा मंडळाचा निर्णय घटनाबाह्य ठरवला.

ते निवेदन पुन्हा वाचले तर त्यात उघडपणे आक्षेपार्ह असे काही चटकन सापडत नाही. मन मोकळे ठेवा, पर्यायी मत वाचा, कुठल्याही सिद्धांताकडे शंकेने पाहा, हे तर कोणीही चांगला शिक्षक सांगेल. उत्क्रांती आणि सृष्टिनिर्मितीवाद यांच्या वादाची खरी अडचण इथेच आहे. ‘दोन्ही बाजू मुलांपुढे ठेवा’ ही मागणी इतकी न्याय्य वाटते की तिला विरोध करणाराच संकुचित ठरतो. या मागणीची पारख तिच्या शब्दांवरून होत नाही, तिच्या इतिहासावरून होते. आणि डोव्हरपर्यंतचा तो इतिहास ऐंशी वर्षांचा आहे. या ऐंशी वर्षांत वादाच्या दोन्ही बाजू बदलल्या. उत्क्रांतीचा सिद्धांत बदलला तो खडकांत, प्रयोगशाळांत आणि पेशींच्या केंद्रकांत सापडलेल्या पुराव्यांमुळे. समोरचा दावा बदलला तो न्यायालयांच्या निकालांमुळे. विज्ञानाच्या तासाला कोणाला जागा द्यावी, या प्रश्नाचे उत्तर मला या एका फरकात दिसते.

सुरुवात बंदीपासून झाली. मार्च 1925 मध्ये टेनेसी राज्याने बटलर कायदा केला. बायबलमधील निर्मितीकथा नाकारणारा आणि माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असे सांगणारा सिद्धांत सरकारी शाळांत शिकवणे त्याने गुन्हा ठरवले. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एका संघटनेने या कायद्याला आव्हान द्यायला तयार असलेला शिक्षक हवा असल्याची जाहिरात दिली आणि डेटन गावचा चोवीस वर्षांचा जॉन स्कोप्स पुढे आला. जुलैमधला तो खटला जगभर गाजला. बचावाला क्लॅरन्स डॅरो होते आणि फिर्यादी पक्षाकडून विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले आणि परराष्ट्रमंत्री राहिलेले नेते. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. 1927 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण तांत्रिक कारणावरून: पन्नास डॉलरांपेक्षा जास्त दंड ज्यूरीने ठरवायचा असतो, इथे तो न्यायाधीशाने ठरवला होता. कायदा मात्र 1967 पर्यंत तसाच राहिला. वर्तमानपत्रांनी डेटनमध्ये विज्ञानाचा नैतिक विजय झाल्याचे लिहिले, तरी पुस्तकांत उलटेच घडले. स्कोप्सच्या वर्गातले जॉर्ज हंटर यांचे ‘अ सिव्हिक बायॉलॉजी’ हे राज्यानेच नेमलेले पुस्तक होते. त्याच्या 1926 च्या नव्या आवृत्तीतून उत्क्रांती जवळजवळ गायब झाली. इतर प्रकाशकांनीही हाच धडा घेतला, कारण पुस्तक दक्षिणेकडच्या राज्यांतही खपायला हवे होते. कायदा मोजक्या राज्यांत होता, पण मौन देशभर पसरले.

ब्रायन यांना अडाणी धर्मवेडा म्हणून निकालात काढण्याची पद्धत आहे. ती मला अन्यायाची वाटते. शेतकऱ्यांच्या कर्जाचा, स्त्रियांच्या मताधिकाराचा, युद्धविरोधाचा आवाज उठवणारा हा माणूस होता. ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम आहे असे मुलांना शिकवले तर ती दुबळ्यांना तुडवतील, ही त्यांची भीती पहिल्या महायुद्धानंतरच्या जगात निराधार नव्हती. हंटर यांच्या त्याच पुस्तकात मानवी वंशांची उतरंड लावलेली होती आणि ‘हीन’ कुटुंबांची वाढ रोखण्याच्या सुप्रजननशास्त्राची भलामण होती. तेव्हा ब्रायन यांच्या बाजूने आजही असा आक्षेप घेता येतो की, ज्या विज्ञानाने असले विष पाठ्यपुस्तकात घातले त्यावर विश्वास का ठेवावा? याचे उत्तर त्या चुकीच्या पुढच्या प्रवासात आहे. वंशांच्या उतरंडीची कल्पना जीवशास्त्रानेच मोडून काढली. 1972 मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांमधील फरक मोजून दाखवले की माणसांमधील जनुकीय वैविध्यापैकी सुमारे 85 टक्के एकेका समाजाच्या आतच असते. तथाकथित वंशांना एकमेकांपासून वेगळे करणारा वाटा अगदी थोडा. ही दुरुस्ती कुठल्या कायद्याने लादलेली नव्हती. मोजमाप चुकीचे होते, ते पुन्हा केले गेले.

1925 नंतरची काही दशके शाळेच्या पुस्तकांनी उत्क्रांतीकडे पाठ फिरवली असताना उत्क्रांतीचा सिद्धांत स्वतः ओळखू न येण्याइतका समृद्ध झाला. डार्विनला आनुवंशिकतेची यंत्रणा ठाऊक नव्हती. ती त्याच्या मांडणीतली सर्वात मोठी उणीव होती. मेंडेलचे नियम आणि नैसर्गिक निवड यांची गणिती सांगड फिशर, राइट आणि हॉल्डेन यांनी घातली. (यांपैकी हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.) 1953 मध्ये डीएनएची रचना उलगडली. 1957 मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेला आपल्या शाळांतल्या विज्ञानाची काळजी वाटू लागली. सरकारी पैशातून जीवशास्त्राची नवी पुस्तके तयार झाली आणि त्यांत उत्क्रांती पुन्हा मध्यभागी आली. आर्कान्सा राज्यात मात्र 1928 चा बंदी कायदा जिवंत होता. नवे पुस्तक शिकवले तर गुन्हा, न शिकवले तर कर्तव्यात कसूर, अशा पेचात सापडलेल्या सूझन एपर्सन या शिक्षिकेने दाद मागितली आणि 1968 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. आधार होता राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा: सरकारने कोणत्याही धर्माचा पुरस्कार करायचा नाही.

बंदीचा मार्ग बंद झाल्यावर मागणी बदलली. निर्मितीकथेला ‘वैज्ञानिक सृष्टिवाद’ हे नाव मिळाले आणि ‘समान वेळ’ मागितला जाऊ लागला. आर्कान्सा आणि लुइझियाना या राज्यांनी 1981 मध्ये तसे कायदे केले: उत्क्रांती शिकवाल तर सृष्टिवादही शिकवा. आर्कान्सातल्या कायद्याविरुद्धच्या खटल्यातले फिर्यादी पाहण्यासारखे आहेत. पहिले नाव मेथडिस्ट पाद्री विल्यम मॅक्लीन यांचे, आणि त्यांच्या जोडीला मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक पंथांचे बिशप. आपल्या श्रद्धेला विज्ञानाचा मुखवटा चढवलेला या धर्मगुरूंना नको होता. जानेवारी 1982 मध्ये न्यायाधीश ओव्हर्टन यांनी तो कायदा रद्द केला. त्यांनी विज्ञानाच्या खुणा सांगितल्या: ते निसर्गनियमांच्या आधारे स्पष्टीकरण देते, त्याचे निष्कर्ष पडताळून पाहता येतात, ते तात्पुरते असतात आणि खोटे ठरू शकतात. सृष्टिवादी संस्थांच्या सदस्यांना मात्र बायबलमधली निर्मिती शब्दशः खरी मानण्याची लेखी बांधिलकी द्यावी लागत होती, म्हणजे निष्कर्ष आधीच ठरलेला होता. लुइझियानाचा कायदा 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी पडला.

त्यानंतर जे घडले ते डोव्हरच्या खटल्यात उजेडात आले, आणि या साऱ्या वादातला सर्वात बोलका पुरावा मला तोच वाटतो. ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे न्यायालयाच्या आदेशाने बाहेर आले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी ते साक्षीत मांडले. 1987 च्या निकालाआधीच्या खर्ड्यांत ठिकठिकाणी ‘क्रिएशन’ आणि ‘क्रिएशनिस्ट्स’ असे शब्द होते. निकालानंतरच्या खर्ड्यांत त्याच वाक्यांमध्ये त्यांच्या जागी ‘इंटेलिजंट डिझाइन’ आणि ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ आले. व्याख्या तीच, युक्तिवाद तोच, मांडणी तीच. एका ठिकाणी जुना शब्द पुरता खोडला गेला नाही आणि नवा त्याच्या पोटात बसला. ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’ असा अर्थहीन जोडशब्द कागदावर राहून गेला. 1987 मध्ये कोणता नवा जीवाश्म मिळाला होता, कोणता प्रयोग झाला होता, ज्यामुळे पुस्तकातली परिभाषा आमूलाग्र बदलावी लागली? कोणताही नाही. बदलले ते फक्त कायद्याचे वातावरण.

त्याच काळात उत्क्रांतीच्या बाजूने काय बदलले ते शेजारी ठेवून पाहावे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात, माणसात 23. सर्वांचा पूर्वज एकच असेल तर माणसाची एक जोडी नुसती हरवलेली असू शकत नाही, कारण तेवढी जनुके गमावून कोणी जगले नसते. म्हणजे दोन गुणसूत्रे कधीतरी एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत, आणि त्या सांध्याची खूण आजही दिसली पाहिजे. गुणसूत्राच्या टोकांना डीएनएचा एक ठरावीक, पुन्हा पुन्हा येणारा क्रम असतो. तो क्रम माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात चक्क आतल्या भागात सापडला, टोकाला टोक चिकटल्यावर दिसावा तसा उलटसुलट; शिवाय एरवी प्रत्येक गुणसूत्रात एकच असणाऱ्या मध्यबिंदूचा दुसरा, निकामी झालेला अवशेषही मिळाला. या गुणसूत्राचा तपशीलवार अभ्यास 2005 मध्येच प्रसिद्ध झाला आणि ब्राउन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी तो डोव्हरच्या न्यायालयात समजावून सांगितला. सिद्धांत चुकीचा असता तर तो सांधा तिथे असण्याचे काहीच कारण नव्हते.

इंटेलिजंट डिझाइनच्या बाजूने प्रमुख साक्ष जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेहे यांची होती. त्यांचा युक्तिवाद असा की जिवाणूची फिरती शेपटी किंवा आपली रोगप्रतिकारयंत्रणा यांतला एक भाग काढला तर सारेच ठप्प होते, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने घडणे अशक्य. हा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. तो केवळ श्रद्धेचा उद्गार नाही. पण तो तपासता येतो, आणि तपासल्यावर टिकत नाही. त्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांसारखाच एक छोटा संच काही जिवाणूंत विष टोचण्याच्या सुईचे काम करतो, म्हणजे अर्धी यंत्रणा निरुपयोगी नसते, ती वेगळ्या कामाची असते. रोगप्रतिकारयंत्रणेच्या उत्क्रांतीला विज्ञानाकडे उत्तरच नाही असे बेहे यांचे म्हणणे होते. उलटतपासणीत त्यांच्यापुढे त्याच विषयावरचे 58 शोधनिबंध आणि नऊ पुस्तके ठेवण्यात आली. हा पुरावा पुरेसा नाही, एवढेच ते म्हणाले. किती पुरावा पुरेसा ठरेल हे आधी सांगितलेलेच नसेल, तर ती अट कधीच पुरी होणार नसते.

याच संदर्भात एक आक्षेप नेहमी येतो: माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले? तो आपल्याकडेही ऐकू आला आहे. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैदिक संमेलनाच्या निमित्ताने नेमके हेच म्हटले आणि डार्विनचा सिद्धांत अभ्यासक्रमातून बदलायला हवा असेही सांगितले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. पोलीस तपासाचा अनुभव असलेल्या माणसाकडून हा आक्षेप यावा याचे खेदयुक्त आश्चर्य वाटते, कारण प्रत्यक्षदर्शी नसलेले खूनही मागे राहिलेल्या खुणांवरूनच सिद्ध होतात. उत्क्रांतीच्या बाबतीत तर खुणा कुठे सापडतील हे आधी सांगता येते. मासे पाण्यातून जमिनीकडे वळले तो काळ सुमारे 37 ते 38 कोटी वर्षांपूर्वीचा असावा, असा अंदाज बांधून नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वयाचे, उथळ पाण्यात साचलेले खडक नकाशावर शोधले आणि कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्झमीअर बेटावर वर्षानुवर्षे उन्हाळे काढले. 2004 मध्ये त्यांना टिक्टालिक मिळाला: माशासारखे खवले आणि पर, पण सुटी मान आणि परात मनगटासारखी हाडे.

‘दोन बाजू’ या शब्दप्रयोगात आणखी एक गृहीतक लपलेले आहे. उत्क्रांती नाही तर बायबल, तिसरे काहीच नाही. पेनसिल्व्हेनियात किंवा न्यू जर्सीत सरकारी शाळेत जाणाऱ्या मराठी घरातल्या मुलीने पुराणातल्या सृष्टीच्या कथा आजीकडून ऐकलेल्या असतात. तिच्या नवाहो आदिवासी वर्गमित्राच्या घरी आणखी वेगळ्या. समान वेळ द्यायचा तर कोणाकोणाला? एकाच कथेला द्यायचा असेल तर तो न्याय राहत नाही, सरकारने एका धर्माला दिलेली पसंती होते. या कथा शाळेत शिकवूच नयेत असे मी म्हणत नाही. साहित्याच्या, इतिहासाच्या, धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासाच्या तासाला त्यांना मानाची जागा असावी, आणि अमेरिकेतला कायदाही त्याला आडवा येत नाही. विज्ञानाचा तास मात्र पडताळणीला उतरलेल्या गोष्टींचा आहे. श्रद्धेचे त्यात नुकसान होते असेही नाही. केनेथ मिलर कॅथलिक आहेत. आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या शिल्पकारांपैकी डोबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक असल्याचे मान्य केले.

लोकशाहीचा आक्षेप याहून अवघड आहे. शाळा पालकांच्या करातून चालते, मग काय शिकवायचे ते लोकांनी निवडलेल्या मंडळाने का ठरवू नये? ब्रायन यांचाही हाच मुख्य मुद्दा होता. डोव्हरमध्ये लोकांनी त्याचे उत्तर मतपेटीतूनच दिले: साक्षी संपल्यानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर 2005 मध्ये, निवेदनाचे समर्थन करणारे मंडळाचे आठही उमेदवार पडले. पण निकाल उलटा लागला असता तरी माझे मत बदलले नसते. शाळा कुठे बांधावी, किती शिक्षक नेमावेत, कोणती भाषा शिकवावी हे मतांनी ठरावे. गुणसूत्रांच्या जोड्या मतांनी ठरत नाहीत. शिवाय मंडळाचा व्यवहार सरळही नव्हता. पुस्तकाच्या प्रतींसाठी एका सदस्याच्या चर्चमध्ये पैसे जमवले गेले होते, आणि ते कुठून आले याबद्दल सदस्यांनी शपथेवर खोटे सांगितल्याचे न्यायाधीशांनी नोंदवले. जोन्स हे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नेमलेले, रिपब्लिकन पक्षाच्या पार्श्वभूमीचे, चर्चला जाणारे न्यायाधीश होते, हेही इथे सांगायला हवे.

डोव्हरनंतर मागणी पुन्हा बदलली. आता सृष्टीचेही नाव नाही आणि रचनाकाराचेही. लुइझियानाने 2008 मध्ये आणि टेनेसीने 2012 मध्ये केलेले कायदे म्हणतात की शिक्षकांना वादग्रस्त सिद्धांतांची चिकित्सा करण्याचे स्वातंत्र्य असावे. उदाहरणांत उत्क्रांतीच्या शेजारी तापमानवाढही आहे. निक मॅट्झके या संशोधकाने डोव्हरनंतरची अशी साठहून अधिक विधेयके एकत्र करून, त्यांच्या मजकुरातल्या साम्यभेदांवरून, सजीवांचा काढतात तसा त्यांचा वंशवृक्ष काढला आणि तो 2016 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापला, कोणत्या विधेयकाची नक्कल कोणी केली ते त्यात दिसते. चिकित्सेला माझा विरोध नाही. उत्क्रांतिशास्त्रात खरे वाद भरपूर झाले आहेत: जनुकांतले किती बदल निवडीमुळे आणि किती निव्वळ योगायोगाने टिकतात हा किमुरा यांनी 1968 मध्ये उभा केलेला प्रश्न, किंवा बदल संथपणे होतो की मध्येच वेगाने, हा एल्ड्रेज आणि गुल्ड यांनी 1972 मध्ये मांडलेला प्रश्न. मुलांनी हे जरूर वाचावे, त्यावर भांडावे. हे वाद आधी शोधपत्रिकांत लढले गेले, मग पुस्तकांत आले. कायद्याच्या आधाराने थेट वर्गात शिरणाऱ्या शंकेने ती पायरीच गाळलेली असते.

न्यायालयांवर फार विसंबून राहण्यातही धोका आहे. डोव्हरच्या निकालात सरकारी कृतीचा हेतू आणि परिणाम तपासणारी 1971 ची जी कसोटी वापरली गेली, तिचा त्याग केल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका शाळेतील प्रार्थनेच्या प्रकरणात सांगितले. पुढचा खटला कोणत्या मापाने मोजला जाईल ते अनिश्चितच राहिले आहे. आणि खरा निर्णय तसाही कोर्टात होत नाही. मायकेल बर्कमन आणि एरिक प्लट्झर यांनी अमेरिकेतल्या 926 जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी करून 2011 मध्ये जे लिहिले ते मला कोणत्याही निकालापेक्षा महत्त्वाचे वाटते. उघडपणे सृष्टिवाद मांडणारे शिक्षक सुमारे 13 टक्के होते, उत्क्रांती नीट आणि ठामपणे शिकवणारे सुमारे 28 टक्के. उरलेले सुमारे साठ टक्के कसलीच बाजू घ्यायला नको म्हणून विषयाला वळसा घालत होते. या सर्वांचा उत्क्रांतीला विरोध होता म्हणून नव्हे. अनेकांना पालकांच्या प्रश्नांना उत्तर देता येईल एवढा आत्मविश्वासच नव्हता. जीवशास्त्राचा शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला उत्क्रांतीचा स्वतंत्र अभ्यासक्रम सक्तीचा करावा, असे त्या दोघांनी सुचवले. 2019 च्या पाहणीत चित्र बरेच सुधारलेले दिसले.

मौनाची ही वाट आपल्याकडे वेगळ्या दाराने आली. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातील आनुवंशिकता आणि उत्क्रांती या प्रकरणातून उत्क्रांती वगळली गेली. कारण दिले गेले ते करोनानंतरचा अभ्यासाचा भार कमी करण्याचे, आणि बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय असल्याचे. 1800 हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. बालभारतीच्या 2018 मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. दहावीपर्यंत विज्ञान सर्वांना असते. अकरावीला जीवशास्त्र घेणारे थोडेच. वाणिज्य किंवा कला शाखेला गेलेल्या मुलासाठी दहावीचा तो धडा शेवटचा असतो, आणि पुढे शाळा मंडळांवर, मंत्रिपदांवर, न्यायासनांवर बसणारी बहुतेक माणसे याच शाखांतून येतात. न्यायाधीश जोन्स यांनाही जीवशास्त्राची पार्श्वभूमी नव्हती. त्यांना ते शिकायला सहा आठवडे आणि देशातले उत्तम शिक्षक साक्षीदार म्हणून मिळाले.